पाच मिनिटं एकट्यात

राधिका, तो पेन खाली ठेव.

रागावून नाही राहिलो. ठेव म्हटलं तर ठेव. सुपरवायझरचा फोन आला, "दीदी, आज आना नहीं हो पाएगा, शीट पे आप ही साइन कर दो, फोटो डाल दो," आणि तू लगेच कागद मांडून बसली. तुझा बाप, माझा दादा, आत पलंगावर आहे. खुब्याचं हाड मोडून दीड महिना झाला. त्याले सांभाळणारा भैय्यालाल आताच जेवला, भांडे धुऊन राहिला. आणि या कागदावर छापलंय की सुपरवायझर घरी आला, पेशंटले भेटला, त्याच्याशी एकट्यात बोलला. आला का तो? मग सही कशाची करून राहिली?

"काका, फॉर्मॅलिटी है. सब ऐसे ही करते हैं."

हाव. शेखर ढोमणे पण हेच म्हणे.

पियुष, मोबाइल उलटा ठेव बाबा. आतला लाइट बंद कर, दादाच्या डोळ्यावर येतो. गॅलरीतला राहू दे. किती वाजले? पावणेनऊ. बरोबर. बसा असे जवळ. मी काही तुम्हाले भुताखेताच्या गोष्टी सांगणारा माणूस नाही, पस्तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढले, मले भुतं कधी दिसले नाहीत, बिनपत्त्याचे बोजेच दिसले. पण ही एक गोष्ट आहे. तुमच्या काकूलेही मी पूर्ण सांगितली नाही. आज चौथा शनिवार आहे आणि तू पेन उचलला, म्हणून सांगतो.

रिटायर झाल्यावर घरी बसून तुमच्या काकूचं डोकं खात होतो, तर तिनंच मले इथं रायपूरच्या पंडरी बाजारात एका ऑफिसात लावून दिलं. खाली कपड्याचं दुकान, वर दुसऱ्या माळ्यावर आमचं ऑफिस. घरोघरी पेशंट सांभाळाले बाया-माणसं पुरवायचो आम्ही. नाव नाही सांगत, आता बंद झालं ते. मालक मात्र डोक्याचा माणूस होता. त्याची स्वतःची माय अशीच कोणाच्या भरोशावर पडून गेली होती, म्हणून नियम त्याने एकदम कडक बनवले. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, न सांगता, सुपरवायझरने घरी जायचं. पेशंटची पाठ उघडून पाहायची, जखमा तर नाही पडल्या. आपल्या हाताने त्याले ग्लासभर पाणी पाजायचं. मग सांभाळणाऱ्या बाईले बाहेर पाठवायचं, दार लावायचं, आणि पाच मिनिटं पेशंटजवळ एकट्यात बसायचं. बाई समोर असली तर पेशंट खरं बोलत नाही ना. ज्याले बोलताच येत नाही, त्याचा हात धरून बसायचं. मग पेशंटचा अंगठा. आणि बाईलेही विचारायचं, तुले झोप भेटते का, बारा तासांनी दुसरी बाई येते का.

हे सारं एका शीटवर. एक शीट ऑफिसात, दुसरी पेशंटच्या खोलीत, दाराच्या मागल्या बाजूले चिकटवलेली. दाराच्या मागे काहून? कारण दार उघडं असलं की शीट भिंतीकडे जाते, दिसत नाही. भरायची असली तर आत शिरून दार लावावंच लागते. तेवढ्यासाठीच मालकाने ती तिथं लावली होती. मले तेव्हा मोठी गंमत वाटली होती त्या अकलेची.

ऑफिसातल्या शीटवर शेवटी एक रकाना होता. 'कार्यालय तपासणी'. तिथं सही कोणाची? माझी.

शेखर आमचा सुपरवायझर. वर्ध्याकडचा, पण वीस वर्षांपासून इथंच. बोलाले इतका गोड की पेशंटचे नातेवाईक त्याले घरचे लाडू बांधून देत. एकतीस घरं होती त्याच्याकडे. सुरुवातीले गेला बिचारा, खरंच गेला. मग दोन हजार तेवीसचा उन्हाळा आला, आणि रायपूरचा मे महिना तुम्हाले मी काय सांगू. तो खाली चहाच्या टपरीवर बसाले लागला. एकेका बाईले फोन लावायचा. "सब ठीक?" "ठीक." झाली भेट. पाठ साफ, पाणी पाजलं, पाच मिनिटं बोललो. अंगठ्यासाठी खिशात शाईची डबी ठेवायचा आणि आपलाच डावा अंगठा ठोकून द्यायचा.

मले दिसत होतं. डोळे काही फुटले नव्हते माझे. एकतीस पेशंट आणि अंगठा एकच, जाडा, चपटा. मी एकदा म्हटलं, "काय बे शेखर, तुझे सारे पेशंट एकदम जाडे होऊन राहिले." तो हसला. मी पण हसलो. हसत हसत सही केली.

हे लक्षात ठेवा. मी हसलो होतो.

त्या एकतीस घरांत एक घर चौबे कॉलोनीत होतं. प्रेमलाबाई. शाळेत मास्तरीण होती, चौऱ्याहत्तर वर्षांची, नवरा कधीचाच गेला. लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. फक्त 'पा' तेवढं निघायचं तोंडातून. डावा हात मात्र चांगला होता. तिचा मुलगा शिशिर, बंगलोरले नोकरीत, नाव नोंदवाले ऑफिसात आला होता. मले म्हणे, "काका, आई बोलत नाही, पण तिच्या डाव्या हातात स्टीलचा ग्लास असते. पलंगाच्या दांडीवर तीनदा वाजवते. म्हणजे पाणी पाहिजे." नोंदणीच्या कागदावर तिचा अंगठा त्याने घरून आणला होता. त्या अंगठ्यावर एक तिरपी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी विचारलं तर म्हणे, लहानपणी कैऱ्या चिरता चिरता पावशीने कापलं होतं.

तिच्याकडे ठेवली अंजनाबाई. महासमुंदकडची. बाई वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. बारा तासांसाठी ठेवली आणि दुसरी बाई कधी पाठवलीच नाही. दिवसाही ती, रात्रीही ती, सहा महिने. शेखरले फोन करायची. माझ्यासमोर आला होता एकदा फोन. "भैया, दूसरी बाई भेजो ना, सात दिन से सोई नहीं हूँ." शेखर म्हणे, "हव दीदी, संभाल लो, अगले हफ्ते पक्का." तो पुढचा हप्ता आलाच नाही. न झोपलेल्या माणसाचं काय होते, ते तुम्हाले माहीत नाही. देवाने माहीत करू नये.

तिनं पहिले पाणी कमी केलं. पाणी कमी तर चादरी कमी ओल्या. मग म्हातारी ग्लास वाजवाले लागली. रात्रभर. ट, ट, ट. ट, ट, ट. तर अंजनाबाईनं साडीचा काठ फाडला आणि म्हातारीचा तो एकच चांगला हात पलंगाच्या दांडीले बांधून टाकला. ग्लास भरून स्टुलावर ठेवला. समोर, डोळ्यांपुढे. नंतर पोलिसांपुढे ती रडून रडून सांगत होती, "मारा नहीं साहब. कसम से, मारा नहीं. बस बाँधा."

पाणी समोर आणि हात बांधलेला. किती दिवस, कोणाले माहीत नाही. पाच मिनिटं कोणी दार लावून बसलं असतं तर माहीत झालं असतं.

आठ डिसेंबर, शुक्रवारी रात्री प्रेमलाबाई गेली. अंजनाबाई घाबरली. पहाटे कुलूप लावलं आणि बस धरून गावी पळाली.

नऊ डिसेंबर कोणता दिवस? दुसरा शनिवार. शेखरने फोन लावला, बंद. त्याने म्हटलं असन, चार्जिंग नसन. चार वाजता चहा घेता घेता शीट भरली. पाठ साफ. पाणी पाजलं. एकट्यात पाच मिनिटं बोललो. अंगठा. शिशिरले फोटो पाठवला. तिकडून उत्तर आलं, ते शेखरने मले वाचून दाखवलं, "थँक यू शेखरभैया, आईले सांगा, नाताळात येतो." आणि मी तपासणीची सही केली. मेलेल्या बाईची.

रविवारी शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं.

"काका, बस... पापा सुन लेंगे."

ऐकू दे. झोपला नसन तो. ऐकू दे त्यालेही.

शिशिर आला, अग्नी दिला, घराले नवीन कुलूप लावलं. आमची हवेची गादी आणि कमोडची खुर्ची तिथं होती, ती नेण्यासाठी किल्ली आमच्या ऑफिसात देऊन अस्थी घेऊन गेला. तेव्हा त्याले काही सुचतच नव्हतं. मग बावीस तारखेले त्याचा फोन आला. मीच उचलला. आवाज एकदम शांत. "काका, डॉक्टर म्हणतात आई शुक्रवारी रात्री गेली. मग शनिवारी अंगठा कोणाचा? आईच्या खोलीत दारामागे एक शीट असते ना? ती मी पाहिली नाही. रविवारी सकाळी येऊन राहिलो. ती पाहतो, मग ठाण्यात जातो."

दारामागची शीट जूनपासून कोरी होती. शेखर गेलाच कुठे होता भराले? कोरी सापडली की नोकरी तर गेलीच, वरून जेल. त्याचा बेत सोपा होता. शनिवारी रात्री जायचं, गादी-खुर्ची काढायची, कोणी विचारलं तर सामान नेतो म्हणायचं. आणि तेवढ्यात शीट भरायची. शेवटची भेट शुक्रवार आठ तारखेची दाखवायची, फोटो दुसऱ्या दिवशी पाठवला, म्हणून ऑफिसच्या शीटवर तारीख नऊची पडली म्हणायचं. त्याने माझ्याकडे किल्ली मागितली. कशाले मागून राहिला, मले ठाऊक होतं. ऑफिसच्या शीटवर माझी पण सही होती ना.

मी किल्ली दिली.

तेवीस डिसेंबर, दोन हजार तेवीस. चौथा शनिवार. रात्री पावणेनऊ. पुढचं मी पाहिलेलं नाही. शेखरने त्याच रात्री दहा वाजता इथं येऊन सांगितलं, या गॅलरीत. पियुष, तू बसला आहे, त्या खुर्चीवर.

थंडी होती. कॉलोनीत सामसूम. त्याने लाइट लावला नाही, कुलूप तोडणारे शेजारी समोरच राहत होते. मोबाइलचा टॉर्च लावला. आत फिनाइलचा वास. खुर्ची काढली, बाहेर ठेवली. गादीतली हवा सोडली, गुंडाळली, तीही बाहेर नेली. पलंगाची नुसती लोखंडी जाळी राहिली. दांडीले साडीचा काठ तसाच बांधलेला. स्टुलावर ग्लास, कोणीतरी धुऊन पालथा ठेवलेला.

मग त्याने खोलीचं दार लावलं. लावावंच लागते ना. कडी खट्‌कन बसली.

शीट कोरी. तेरा ओळी. शेखर हुशार माणूस, तीन पेनं घेऊन गेला होता, निळा, काळा आणि एक फिका निळा, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी भरल्यासारखं दिसन. मोबाइल दातात धरला आणि लिहाले लागला. आला, हो. पाठ, साफ. पाणी, पाजलं. एकट्यात, पाच मिनिटं. दुसरी ओळ. पेन बदलला. तिसरी ओळ.

चौथ्या ओळीवर मागून आवाज आला.

ट.

तो थांबला. म्हटलं, गादी काढली, लोखंड थंडीने वाजते. पाचवी ओळ.

ट... ट.

त्याने मागे पाहिलं नाही. मी विचारलं त्याले, काहून नाही पाहिलं बे? म्हणे, "विनायकभाऊ, पाहिलं असतं तर लिहिता आलं नसतं. सकाळी शिशिर येणार होता." म्हणून लिहीत राहिला. सहावी. सातवी. पाणी, पाजलं. पाणी, पाजलं.

ट... ट... ट.

आता दांडीवरच. त्याच्या कमरेएवढ्या उंचीवर. हातभर अंतरावर.

आठवी. नववी. अक्षर वाकडं आलं. त्याले वाटलं, बरं झालं, खरं वाटन.

आणि मग...

"पा..."

शेखर म्हणे, आवाज नव्हता तो. कोरड्या टाळूले चिकटलेली जीभ सुटते ना... तसं.

"पा..."

तेरावी ओळ. लिहिणं संपलं. अंगठे राहिले. त्याने शाईची डबी काढली. अंगठा बुडवला. पहिल्या ओळीत दाबला. टॉर्च जवळ नेला.

ठशावर तिरपी रेघ होती.

त्याने आपला अंगठा पाहिला. साफ. जाडा, चपटा, नेहमीचा. पँटले पुसला. परत बुडवला. दुसरी ओळ. रेघ. तिसरी. रेघ. तरी थांबला नाही तो, पोट्टेहो. तेरा पुरे कराचे होते ना त्याले. चौथी... पाचवी... मागून कोणी मोजून राहिल्यासारखं, दर अंगठ्याले एक. ट. दर अंगठ्याले एक.

तेरावा दाबला. हात उचलेना.

कोणी धरला नव्हता. शेखर शपथ घेऊन सांगे, धरला नव्हता. मनगटाभोवती... बांधलेला होता.

मोबाइल दातातून पडला. टॉर्च खाली, फरशीकडे. अंधार.

उजव्या हाताने त्याने कडी ओढली. निघाली नाही.

मग त्या अंधारात स्टुलावरचा ग्लास उचलल्याचा आवाज आला. पालथा, रिकामा ग्लास. आणि कोणीतरी पाणी प्यालं. सावकाश. घटक... घटक... एकेका घोटाले शेखरचा घसा वाळत गेला. जीभ टाळूले लागली. ओरडाले गेला तर तोंडातून एवढंच निघालं...

"पा..."

ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला. कडी आपोआप निघाली.

मोबाइलमध्ये पाहिलं त्याने. दार लावून पाच मिनिटं झाली होती. पाचच.

इथं आला तेव्हा दात वाजत होते. तुमच्या काकूनं पाणी दिलं. एक तांब्या प्याला, दुसरा प्याला, तिसरा. म्हणे, "भाऊ, तहान जाऊनच नाही राहिली." मनगट मी पाहिलं. काही नव्हतं. मी म्हटलं, घाबरला तू, भास झाला. आणि मले खरंच तसं वाटलं. नाही. तसं वाटलं तर बरं, असं वाटलं.

रविवारी सकाळी शिशिर आला. आम्ही दोघंही गेलो सोबत. मी घामाने भिजलेला, डिसेंबरात. त्याने दार लावलं. शीट पाहिली. खिशातून मायच्या नोंदणीच्या कागदाची झेरॉक्स काढली आणि अंगठे लावून पाहिले. एक, दोन, तेरा. प्रत्येकावर तिरपी रेघ. त्याच्या मायचाच अंगठा.

तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. शेखरचे पाय धरले त्याने. "माफ करा भैया. मले वाटलं तुम्ही येतच नव्हते. तुम्ही येत होते. आईनं तुम्हाले अंगठा दिला." ठाण्यात गेला तो, पण फक्त अंजनाबाईचं नाव सांगितलं. तिले सजा झाली. शेखरले नमस्कार भेटला.

शेखरने तो घेतला. आणि मी घेऊ दिला. घरी येता येता त्याने एवढंच म्हटलं, "भाऊ, तिनं मले वाचवलं काहून?"

मले त्या दिवशी कळलं नाही. मागून कळलं. तिले त्याले पोलिसांच्या हाती द्यायचंच नव्हतं.

जानेवारीत मी ती नोकरी सोडली. दहा फेब्रुवारीले, दुसऱ्या शनिवारी, शेखर आंघोळ करता करता पडला. बेचाळीस वर्षांचा माणूस. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याची बायको मीनल नोकरीवाली, घरी कोण पाहन? तिनं दुसऱ्याच एका ऑफिसातून माणूस लावला. आमची शीट तोपर्यंत साऱ्या ऑफिसांनी उचलली होती, तीच दाराच्या मागे.

कोण होता तो माणूस, विचारा ना. हाच. भैय्यालाल. आत भांडे धुऊन राहिला तो. मी त्याले शोधून दादासाठी आणलं ते उगीच नाही.

दोन महिने माझी हिंमत झाली नाही शेखरकडे जायची. तेरा एप्रिलले गेलो. तोही दुसरा शनिवार, पण मी काही तारीख पाहून गेलो नव्हतो. मीनल दारातच म्हणे, "भाऊजी, सुपरवायझर कधीच येत नाही, नुसता फोन करते." आत गेलो तर भैय्यालालने मले बाजूले घेतलं. "बाबूजी, फोन वाला अलग है. एक माताजी आती हैं. दूसरे-चौथे सनीचर को. बोलती नहीं, बस हाथ से बाहर जाने को कहती हैं. दरवाजा लगा लेती हैं. पाँच मिनट. मैं समझा कंपनी की मैडम हैं."

मी विचारलं, मग?

"मैं गिलास भर के रख जाता हूँ. लौटता हूँ तो गिलास खाली. पर भैया का मुँह... सूखा का सूखा."

आज आल्ती का, मी विचारलं.

"अभी गई हैं. आपको सीढ़ी पे नहीं मिलीं?"

जिना एकच होता. मले कोणी भेटलं नव्हतं.

मी भैय्यालालले बाहेर थांबवलं. आत गेलो. शेखर पलंगावर, भिंतीकडे तोंड. मले शीट पाहाची होती. म्हणून दार लावलं.

चार ओळी भरलेल्या. चोवीस फेब्रुवारी. नऊ मार्च. तेवीस मार्च. तेरा एप्रिल. पाठ, साफ. पाणी, पाजलं. एकट्यात, पाच मिनिटं. चारही ठिकाणी अंगठा. तिरपी रेघ. शेवटचा ओला.

मग मी शेवटचा रकाना पाहिला, या ऑफिसनं तो दारामागच्या शीटवरही छापला होता. 'कार्यालय तपासणी'.

सही होती. चार वेळा.

माझी.

माझी सही, तशीच, खाली दोन टिंबं आणि एक रेघ ओढलेली. मी त्या घरात पहिल्यांदा पाय टाकला होता. त्या ऑफिसशी माझा काही संबंध नव्हता...

मागून आवाज आला.

ट... ट... ट.

वळलो. शेखर होता. आपला शेखरच. डाव्या हातात ग्लास, रिकामा. ओठ फाटलेले. डोळे माझ्यावर. टेबलावर पाण्याचा जग भरलेला होता. माझ्या हाताजवळ. इतका जवळ.

"पा..." तो म्हणे. "पा..."

आणि मी...

मी कागद ओढला. दारावरून. घडी केली. खिशात टाकला. दार उघडलं आणि निघून आलो.

पाणी नाही पाजलं मी त्याले.

...

सही दिसली, आणि मले दुसरं काही दिसलं नाही. शेखरने तेच केलं होतं ना त्या घरात. मी काय वेगळं केलं? जिना उतरून खाली रस्त्यावर येईपर्यंत ऐकू येत होतं. ट, ट, ट. खाली दुकानं उघडे होते, लोक भाजी घेऊन राहिले होते, आणि मले ऐकू येत होतं. मी सायकल रिक्षा करून घरी आलो.

सत्तावीस एप्रिलले, चौथ्या शनिवारी, शेखर गेला. भैय्यालाल पाच मिनिटं बाहेर होता.

"काका... आप हमको डराने के लिए बोल रहे हो ना?"

हाव. डरवाले बोलून राहिलो. राधिका, त्या भैय्यालालले बोलाव आणि विचार. नाहीतर नको विचारू, बिचारा त्या दिवसापासून शनिवारी जेवत नाही, आज तुझ्या माईनं जबरदस्तीने वाढलं. आधी उठ. आत जा, दादाची पाठ उघडून पाह्य. तुझ्या हाताने पाणी पाज. भैय्यालालले म्हण, बाहेर येऊन बैस जरा, आणि दार लाव. पाच मिनिटं बस बापाजवळ. मग कर सही, खरी.

जा.

पियुष, तू काय पाहून राहिला? तो कागद पाहिजे तुले? माहीत होतं मागशीन. हा घे. या डायरीत आहे, डायरी मी नेहमी जवळ ठेवतो, कपाटात ठेवाची हिंमत होत नाही. सांभाळून उघड, घडीवर फाटला आहे. धर उजेडात. चार ओळी. चार अंगठे. शेवटी माझी सही. मागच्या महिन्यात बँकेत तूच माझे फॉर्म भरले, पाहिली आहे ना तू?

"हाँ... सेम आपका ही साइन है, काका."

हो.

"काका... ये लास्ट वाला अंगूठा... मेरी उँगली पे आ गया. ये गीला है."

हाव. बोट पुसून घे. कपड्याले लावू नको, निघत नाही.

वीस महिने झाले. वाळत नाही तो.